चिंकारा बघायला आपणही जाऊ

“रान बघायला जाणं हे गाडीवाल्यांचं काम,” असं वस्तीतल्या बाया म्हणतात. मला ते पटत नाही. बारामती तालुक्यात सुप्याला मयूरेश्वर अभयारण्य आहे. १९९७ साली जाहीर झालेलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं. तिथे घनदाट झाडी नाही. गवताळ माळ आहे, त्यावर चिंकारा हरणं चरतात. इंदापूरकरांना कडबनवाडीचा माळ जवळ.

दिवसभर धुणी-भांडी, खुरपणी करणारी ताई विचारते, “मला आणखी चालायचं कशाला?” ताई, वाकून केलेल्या कामानं कंबर झिजते. मोकळ्या हवेत चाललं की दम वाढतो, साखर आणि बीपी आटोक्यात राहायला मदत होते. मोठ्यांनी आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालावं, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. सुरुवात एका सहलीनं करा.

थंडीच्या दिवसांत, सकाळी जा. पाणी, डबा घ्या, पायांत बूट घाला. शुगरची औषधं घेणाऱ्यांनी उपाशी चालू नये. गवतात हात घालू नका. साप चावलाच तर मांत्रिक नको, थेट सरकारी दवाखाना गाठा.

हे रान सरकारी, म्हणजे आपलंही. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत तारीख ठरवा.