साक्षीला एकटीनं जायचं नाही



तीन वर्षांपूर्वी आमच्या मंदिरासमोर एका आजींच्या गळ्यातली साखळी ओढून दोघं मोटारसायकलवरून पळाले. अभिषेकाला निघालेल्या आम्ही पाच-सहाजणी तिथं होतो. चेहरा नीट पाहिला तो माझ्या धाकट्या जावेनं, आणि पोलिसांना तसं सांगितलंही तिनंच. बाकीच्या "आम्ही मागं होतो" म्हणून मोकळ्या झाल्या. मी खरंच मागं होते, तरी सुटल्यासारखं वाटलं, हे कबूल करते.

गेल्या थंडीत तिला साक्षीचं समन्स आलं. सोबतीला मी गेले. कोर्टाच्या व्हरांड्यात एकच बाक. एका टोकाला आम्ही, दुसऱ्या टोकाला जामिनावर सुटलेला तो आणि त्याचा भाऊ. भावानं अगदी हसून विचारलं, "ताई, पोरगं तुमचं कुठल्या शाळेत जातंय?" बस्स, एवढंच. जावेचा हात बर्फासारखा गार पडला. घरून नेलेलं गाळलेलं पाणी दोनलाच संपलं. साडेपाचला कळलं, आज साक्ष होणार नाही, पुढची तारीख. एसटीनं घरी पोचेपर्यंत सूर्य मावळला होता. ती तशीच उपाशी झोपली.

दुसऱ्या दिवशी सल्ले सुरू झाले. एक काकू म्हणाल्या, "क्षमा करून टाकायची, आपल्या धर्मात काय शिकवलंय?" आणखी एकींनी रत्नकरंड श्रावकाचाराचा आधार दिला, की दुसऱ्यावर संकट आणणारं सत्यसुद्धा श्रावकानं बोलू नये. हे मला रात्रभर छळत राहिलं. पण क्षमा करायची ती आजींनी, कारण साखळी त्यांची गेली, मान त्यांची सोलली. जावेनं फक्त पाहिलेलं सांगायचंय. आणि गप्प राहिल्यानं संकट टळतं कुठं? ते उद्या मंदिराच्या वाटेवरच्या दुसऱ्या कुणा आजींच्या गळ्यावर जातं. भीतीला क्षमेचं नाव देणं मला तरी पटत नाही.

मग विचारपूस केली, तेव्हा कळलं ते आधी कुणीच सांगितलं नव्हतं. सर्वोच्च न्यायालयानं ५ डिसेंबर २०१८ रोजी साक्षीदार संरक्षण योजनेला मान्यता दिली. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३९८ नुसार प्रत्येक राज्यानं अशी योजना करायची आहे. २०१८ च्या योजनेत जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. धमकी असेल तर तिच्याकडे अर्ज करायचा, मग पोलीस धोका किती आहे याचा अहवाल देतात. आरोपीशी समोरासमोर गाठ पडू न देणं, घराभोवती गस्त, कोर्टात ने-आण, हे सगळं मागता येतं. गंभीर गुन्ह्यांसाठीच आहे ती योजना, पण जबरी चोरी त्यात बसते. शिवाय जबाबासाठी बाईला पोलीस ठाण्यात बोलावता येत नाही, घरी येऊन घ्यावा लागतो. जावेला मात्र दोनदा बोलावलं होतं! विधी सेवा प्राधिकरणाकडं बायकांना उत्पन्न न बघता मोफत कायदेशीर मदत मिळते, फोन १५१००. आणि हो, शपथेत ईश्वराचं नाव घ्यायचं नसेल तर सत्यप्रतिज्ञा करता येते.

कागदावर चांगलंच आहे. पण अर्ज बाईनं करायचा, आणि असा अर्ज असतो हे समन्सबरोबर कुणी सांगत नाही. समन्स हातात देतानाच एक छापील कागद द्यायला किती खर्च येतो? वेगळी बसायची खोली प्रत्येक कोर्टात हवी, हेही मागायलाच हवं.

ते होईल तेव्हा होईल. चातुर्मासात मुनींच्या आहारासाठी चौक्याच्या पाळ्या आपण महिनाभर आधी ठरवतो, एकही दिवस रिकामा जात नाही. मग आपल्यातली एक साक्षीला जाते तेव्हा सोबत दोघी-तिघींची पाळी का लागू नये? काही बोलायचं नाही. नुसतं त्या बाकावर तिच्या आणि त्याच्या मधे बसायचं.

अर्ज आम्ही दिलाय. पुढची तारीख येत्या मंगळवारी आहे. सकाळी आठची एसटी आहे, दशम्या आणि पाणी मी घेते. मंडळातल्या दोघींनी होकार दिलाय, त्यातल्या एक म्हणजे त्याच क्षमावाल्या काकू. अजून एकीची जागा आहे.