घोडा पडला, बार निघाला नाही

गेल्या वर्षी आम्ही सहकुटुंब टेक्सासला मेहुण्याकडे गेलो होतो. एका रविवारी मुलांच्या मामूंनी सगळ्यांना नेमबाजीच्या मैदानावर नेले. मामूंना छंद आहे जुन्या धाटणीच्या लिव्हर रायफलींचा.

बंदूक आम्हाला अगदीच नवी नाही. आमच्या आजोबांकडे रानडुकरांपासून शेती राखायला ठासणीची होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची. एक बार काढला की दुसरा भरेपर्यंत डुक्कर पलीकडच्या वाडीत पोहोचलेले असे! मामूंच्या रायफलीचे तसे नाही. विंचेस्टर कंपनीने 1873 साली काढलेल्या रायफलीची ही इटलीत बनलेली नक्कल. चापाभोवतीची कडी खाली ढकलून वर ओढली की रिकामी पुंगळी वरून उडते, घोडा चढतो आणि नवे काडतूस आत सरकते. काडतुसे नळीखालच्या दुसऱ्या नळीत एकामागे एक झोपलेली असतात. म्हणून गोळीचे टोक चपटे लागते. टोकदार असले तर ते पुढच्या काडतुसाच्या बुडावरच्या टोपीवर टेकणार, आणि धक्क्याने भलतेच व्हायचे.

डोळ्यांना चष्मे, कानांवर झाकणे. समोर पोलादी तबकड्या. गोळी लागली की ‘टण्‌’ आवाज येई. आमचे सहापैकी दोनच टण्‌ झाले. आमच्या चौदा वर्षांच्या धाकट्याचे पहिले चारही लागले. पाचव्यांदा मात्र त्याने चाप ओढला, घोडा पडला आणि बार निघालाच नाही.

“मामू, हे काय झालं?” म्हणत तो वळला. रायफलीसकट वळला. नळी आमच्या बाकाच्या दिशेने येऊ लागली तोच मामूंनी ती पंजाने धरून समोर फिरवली. “थांब. नळी तिकडेच राहू दे.”

उशिरानेही बार उडू शकतो, म्हणून तीस सेकंद थांबायचे असते. मामू मोठ्याने आकडे मोजत होते. बाकावर आम्ही दोघे श्वास धरून बसलो होतो. तीस झाल्यावर त्यांनी कडी खाली केली. काडतूस बाहेर पडले. टोपीवरची खूण अगदी पुसट होती. स्पर्धेत हात भराभर चालावा म्हणून मामूंनी स्प्रिंग हलकी करून घेतली होती. “चूक आधी माझी. हे तुला पहिल्यांदा सांगायला हवं होतं,” ते त्याला म्हणाले. आम्हाला वाटले, आमचीही होतीच. फोटो काढण्यात गुंग होतो.

तासभर त्याने रायफलीला हात लावला नाही. मग स्वतःच उठला, एकच काडतूस मागितले, बार काढला. नेम चुकला. रायफल उघडून, नळी समोर ठेवूनच खाली ठेवली आणि मगच मागे वळून पाहिले.

निघताना सर्वांनी साबणाने हात धुतले, शिसे लागलेले असते. रिकाम्या पुंगळ्याही विमानतळावर घोटाळा करतात, म्हणून परतीच्या आदल्या रात्री मामूंनी सगळ्यांचे खिसे तपासले. मुलांकडे काही निघाले नाही. एक पुंगळी सापडली ती हिच्या पर्समध्ये, रुमालात गुंडाळलेली. धाकट्याच्या त्या शेवटच्या बाराची.