‘खर्च कुणी तरी सोसावाच लागेल’ – पण कुणी?

जुलै २०२५ मध्ये बंगळूरमधील चहाच्या टपऱ्यांवर, बेकऱ्यांवर आणि भाजीच्या गाड्यांवर ‘यूपीआय नाही, रोख द्या’ अशा पाट्या झळकल्या. भांडवली वृत्तपत्रे ज्या शहराला तंत्रज्ञानाची राजधानी म्हणून मिरवतात, तेथील छोट्या विक्रेत्यांनी मोबाइलकडे पाठ का फिरवावी? राज्याच्या वाणिज्यिक कर विभागाने यूपीआयवरील जमेची बेरीज करून त्यांना वस्तू व सेवा कराच्या नोटिसा धाडल्या होत्या. मालविक्रीची ४० लाखांची, सेवांची २० लाखांची मर्यादा ओलांडली, हा आरोप. उलाढाल म्हणजे कमाई नव्हे, ताजी भाजी करमुक्त आहे, हे साधे भानही त्यामागे नव्हते. असंतोष उसळला, तेव्हा कोठे २३ जुलैला मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांना जुनी थकबाकी वसूल न करण्याचे आश्वासन द्यावे लागले.

त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर संजय मल्होत्रा यांनी, या व्यवस्थेचा खर्च कुणाला तरी सोसावाच लागेल, असे बजावले. देयक कंपन्यांच्या परिषदेने तर मार्च २०२५ मध्येच बड्या व्यापाऱ्यांच्या यूपीआय व्यवहारांवर ०.३ टक्का आकार मागितला होता. अर्थ मंत्रालयाने जूनमध्ये अशा आकारणीच्या वार्तांचा इन्कार केला. पण तज्ज्ञांचा घोष थांबला नाही.

यंत्रणेला खर्च येतो, हे कोण नाकारतो? प्रश्न आहे तो वाटणीचा. १ जानेवारी २०२० पासून यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावरील व्यापारी आकार शून्य आहे, याचा अर्थ ही सेवा फुकट आहे असा नव्हे. २०२४-२५ साठी केंद्राने छोट्या व्यापाऱ्यांकडील व्यवहारांपोटी १,५०० कोटी रुपयांची प्रोत्साहन योजना मंजूर केली. तो पैसा जनतेच्या करांतूनच येतो. आणि या सार्वजनिक रस्त्यावर टपाऱ्या कुणाच्या? यूपीआयचे ८० टक्क्यांहून अधिक व्यवहार वॉलमार्टच्या मालकीची, बंगळूरस्थित फोनपे आणि गूगल पे या दोघांच्या हाती एकवटले. कोणत्याही एका कंपनीकडे ३० टक्क्यांहून अधिक वाटा नसावा, हा नियम नोव्हेंबर २०२० मध्ये जाहीर झाला. त्याची मुदत वाढत वाढत ३१ डिसेंबर २०२६ पर्यंत गेली. टपरीवाल्याला नोटीस, मक्तेदाराला मुदतवाढ! हाच का तज्ज्ञांचा न्याय?

‘आकार फक्त बड्या व्यापाऱ्यांवर’ या शब्दांनीही कुणी फसू नये. बडा दुकानदार तो मालाच्या किमतीत मिसळतो आणि शेवटी गिऱ्हाईकच भरते. क्रेडिट कार्डाचे उदाहरण डोळ्यांसमोर आहे. तेथे व्यापारी आकारावर रिझर्व्ह बँकेची कमाल मर्यादाच नाही. त्या आकारातून सधन कार्डधारकाला बक्षीसगुण मिळतात आणि रोखीने खरेदी करणारा मजूर तीच वाढीव किंमत मोजतो. युरोपीय संघासारख्या भांडवली गोटानेही २०१५ मध्ये कार्ड देणाऱ्या बँकेचा वाटा डेबिटवर ०.२ आणि क्रेडिटवर ०.३ टक्क्यांवर रोखला. आपल्या तज्ज्ञांना मात्र नियमन आठवते ते शून्य आकार मोडण्यापुरते!

म्हणून मागण्या स्पष्ट हव्यात. देयकव्यवस्था ही रस्ते-पाण्यासारखी सार्वजनिक सेवा मानून तिचा खर्च उघड हिशेबाने सरकारी तिजोरीतून आणि मक्तेदार कंपन्यांकडून वसूल व्हावा. क्रेडिट कार्डाच्या आकारावर कमाल मर्यादा घालावी. ३० टक्क्यांचा नियम आणखी मुदतवाढ न देता अमलात आणावा. आणि छोट्या विक्रेत्याच्या जमेची बेरीज त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरण्यापूर्वी त्याची बाजू ऐकली जावी. खर्च कुणी सोसायचा, हे ठरवण्याचा अधिकार केवळ तज्ज्ञांच्या बैठकांना नाही. बंगळूरच्या टपऱ्यांवरील पाट्यांनी ते बजावून सांगितले आहे.