बाधा आणि पुरावा

"गाणगापूरला नेले, गुण आला; आता डॉक्टर कशाला?" हा प्रश्न भालकी-बसवकल्याणकडील घरांतून मी इतक्या वेळा ऐकला आहे, की त्यास एकदा जाहीर उत्तर देणे प्राप्त झाले आहे. भीमा-अमरजेच्या संगमालगतच्या त्या क्षेत्री आरती सुरू झाली, म्हणजे बाधित समजून आणलेली माणसे खांबांना कवटाळतात, घुमतात, किंकाळ्या फोडतात. ते दृश्य पाहून हसणाऱ्या सुशिक्षितांच्या पंक्तीस मी बसत नाही. त्या माणसांची वेदना खोटी नसते. माझा वाद आहे तो तिच्यावरून काढल्या जाणाऱ्या निष्कर्षाशी.

"आम्ही डोळ्यांनी पाहिले," असे उत्तर येते. परंतु साक्षीदार प्रामाणिक असूनही त्याचे अनुमान चुकू शकते, हे वकिलास पहिल्या वर्षीच कळते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९४८ साली आठ भुकेल्या कबुतरांचा एक प्रयोग प्रसिद्ध केला. पक्षी काही करो वा न करो, दाणा ठरल्या वेळी येणारच, अशी योजना होती. तरीही आठांपैकी सहांना चमत्कारिक सवयी जडल्या. एक गोल गोल फिरू लागले, दुसरे पिंजऱ्याच्या कोपऱ्यात डोके खुपसू लागले. आपल्या करणीनेच दाणा आला, असा जणू त्यांचा ग्रह झाला. या अर्थावर १९७१ साली स्टॅडन व सिमेलहॅग यांनी आक्षेप घेतले, हेही सांगितले पाहिजे. कबुतरांचा निवाडा काहीही होवो. मनुष्यात हा दोष आहे यात संशय नाही. कित्येक मनोविकार आपल्या गतीने चढतात आणि उतरतात. आपण रोग्यास क्षेत्री नेतो ते विकार ऐन भरात असताना. पुढचा उतार आपोआप आलेला असला तरी श्रेय यात्रेला जाते. विकार पुन्हा उलटला, की "सेवेत खंड पडला" म्हणून दोष रोग्याच्या माथी! ज्या दाव्याला हरण्याची वाटच ठेवलेली नाही, तो कोणत्या न्यायालयात टिकेल?

मग देवळात काहीच नाही काय? आहे, आणि तेही पुराव्यानिशी आहे. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील रघुराम व त्यांच्या सहकाऱ्यांनी तामिळनाडूतील मुथुस्वामींच्या मंदिरात राहिलेल्या ३१ रुग्णांची पाहणी करून ती २००२ साली प्रसिद्ध केली. सरासरी सहा आठवड्यांच्या मुक्कामात लक्षणांची तीव्रता सुमारे वीस टक्क्यांनी घटली होती. तेथे भूत उतरविण्याचे विशेष विधी नव्हते. निवारा होता, घरचे माणूस सोबत होते, धाकदपटशा नव्हता. गुण आला असेल तर तो या मायेचा, असे अभ्यासकांचे मत पडले.

ही माया सुटली म्हणजे काय होते, ते तामिळनाडूतच एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी दिसले. आग लागली, आणि साखळदंडांनी जखडलेले २८ मनोरुग्ण जळून मेले. ती जागा दर्ग्याजवळची होती, म्हणून आपण हात झटकू नयेत. आप्तांना दूर सोडून येण्याची वृत्ती एका धर्माची नाही. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनोरुग्णास साखळीने बांधणे सर्वत्र निषिद्ध ठरविले आहे, मग ते घर असो वा देऊळ.

कायदा परका वाटत असेल, तर गुरुचरित्र उघडा. माहूरच्या सावित्रीने क्षयग्रस्त पतीची अहोरात्र शुश्रूषा केली, औषधोपचारांत कसूर केली नाही, आणि मग त्याला स्वतः घेऊन तिने गाणगापूर गाठले. तिने वैद्य टाकला नव्हता आणि पतीला वाटेत सोडले नव्हते. आपण मात्र तिची कथा पारायणात वाचतो आणि घरी येऊन रोग्याच्या गोळ्या बंद करतो!

तेव्हा वाचकहो, गाणगापूरला अवश्य जा. परंतु डॉक्टरांची चिठ्ठी आणि गोळ्यांची पुडी पिशवीत असू द्या, आणि ज्याला घेऊन गेलात त्याला सोबत घेऊनच परत या.