माजाच्या खुणा आणि गस्तीची नोंदवही

उन्हाळा चढू लागला की मध्य भारतातील पानझडीच्या अरण्यांत चितळांचे नर माजावर येतात, आणि एप्रिलपासून जूनपर्यंत, म्हणजे आपल्या वनरक्षकांचे सारे लक्ष पाणवठ्यांच्या बंदोबस्ताकडे लागलेले असते नेमक्या त्याच दिवसांत, पाणवठ्यांपासून दूर आडवाटांवर त्यांच्या खुणा उमटू लागतात. मागच्या पायांवर उभा राहून नर माथ्यावरची डहाळी शिंगांत घोळवतो, कपाळ व डोळ्यांखालील ग्रंथी तिच्यावर घासतो, आणि पुढच्या खुरांनी पाचोळा सारून माती खरवडतो. मागाहून येणाऱ्या नरांना त्या गंधातून त्याच्या अस्तित्वाची वर्दी मिळते. सांबराची तऱ्हा निराळी. त्याचा माज हिवाळ्यात, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास, भरास येतो. ओलसर जागी शिंगांनी चिखल उकरावा, त्यात मूत्र सोडावे, तिथेच लोळावे आणि मग लगतच्या खोडांवर अंग घासावे, असा त्याचा क्रम असल्यामुळे वाळलेल्या चिखलाचे पट्टे खोडांवर कमरेच्याही वर चढलेले आढळतात. जॉर्ज शेलर यांच्या कान्हा येथील अभ्यासावरील 1967 च्या ग्रंथात या वर्तनाची सविस्तर नोंद आहे; आपल्या बीटच्या दप्तरात मात्र बहुधा 'चितळ दिसले' एवढाच शेरा असतो.

ही उपेक्षा आम्हांस गंभीर वाटते. परवान्यावर शिकार चाले त्या काळी जाणते शिकारी अशा जागा हेरून बसत, कारण माजावरचा नर नित्याचा सावधपणा विसरतो आणि त्याच त्या जागी परततो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात 1991 मध्ये झालेल्या दुरुस्तीने परवान्यांचा तो अंमल संपला, पण ते ज्ञान संपले नाही, ते चोरट्या शिकाऱ्याच्या हाती राहिले. मोटारसायकलच्या क्लचच्या तारेचा फास खरवडलेल्या मातीकडे जाणाऱ्या पायवाटेवर, खांद्याएवढ्या झुडपांच्या फटीत लावला, तर पाचोळ्यात तो दोन हातांवरूनही दिसत नाही. कायद्याच्या व्याख्येनुसार असा फास लावणे हीच शिकार होय, प्राणी सापडो वा न सापडो. म्हणून फास सापडताच पंचनामा रुजू झाला पाहिजे.

आमची विनंती अशी, की गस्तीच्या नोंदवहीत माजाच्या ताज्या खुणेचे स्थान, दिनांक आणि डहाळीची वा चिखलाची अवस्था लिहावी, खुणेस हात लावू नये, आणि तिच्याकडे येणाऱ्या सर्व वाटा काठीने चाचपून मगच पुढे जावे. चितळांतील सर्व नरांची शिंगे एकाच वेळी गळत नसल्यामुळे माजावरचे नर इतर ऋतूंतही आढळतात, म्हणून ही दक्षता केवळ उन्हाळ्यापुरती राखून भागणार नाही.