पंखा फिरतो, पडदा काळा

मागील पंधरवड्यातल्या एका रविवारी सकाळी आम्ही पेपर वाचीत बसलो असता आमच्या वस्तीतील एक गृहस्थ दारात येऊन उभे राहिले. परभणीच्या मोंढ्यात हमाली करणारा हा माणूस. सहसा कोणाच्या दारी काही मागायला जात नाही.

"जयभीम दादा. जरा घरी येता का? पोरानं कम्प्युटर जोडलाय, पर त्याच्यात काही दिसंना. दोन दिवस झाले, पोरगं धड जेवलं नाही."

एवढेच ते बोलले. आम्ही चपला पायात सरकवल्या आणि निघालो. वाटेत त्यांनी थोडी थोडी हकीकत सांगितली. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, कॉम्प्युटर टायपिंगची सरकारी परीक्षा पास झाला आहे. प्रवेशाच्या दिवसांत आपल्या वस्तीतली मुले महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरायला बाहेरच्या सेंटरवर पैसे मोजतात. तेच काम घरबसल्या करावे आणि शिक्षणही सुरू ठेवावे, असा त्याचा विचार. विचार चांगला. पण तयार कॉम्प्युटर परवडेना. म्हणून एकेक भाग सुटा घ्यायचा आणि आपल्या हाताने जोडायचा, असे ठरले. मदरबोर्ड, प्रोसेसर, रॅम, पॉवर सप्लाय नवे घेतले. डिस्प्ले कार्ड एका मित्राच्या जुन्या मशीनमधले आणि मॉनिटर सेकंडहँड. पैसे आईने बचत गटातून उचलले होते. पहिला हप्ता येत्या महिन्यात.

मुलाने मोबाईलवर व्हिडिओ बघत रात्रभर बसून सगळे जोडले. पहाटे बटण दाबले. पंखे फिरले, दिवे लागले आणि मॉनिटरवर 'नो सिग्नल' अशी अक्षरे येऊन पडदा काळा झाला. दहा वेळा बंद-चालू केले तरी तेच. मग त्याने भाग घेतलेल्या दुकानात फोन लावला. पलीकडून उत्तर आले, "मदरबोर्ड जळाला असेल. जोडताना तुम्हीच जाळला असेल. असा माल आम्ही परत घेत नसतो."

न बघता, न तपासता फोनवर दिलेला हा निकाल! पण तेवढ्यावर त्या घरात दोन दिवस चूल नीट पेटली नव्हती. घराच्या दाराशी येताच त्या गृहस्थांनी आवाज खाली केला आणि विचारले, "दादा, खरं सांगा. पोराच्या हातानं जळालं का?"

आम्ही इंजिनियर नाही. कचेरीत कारकून आहोत. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन २००१ साली निघाली आणि तिचा एमएस-सीआयटी हा कोर्स गावोगाव पोहोचला, तेव्हा आम्हीही तो केला. पण त्या कोर्सात कॉम्प्युटर वापरायला शिकवतात, उघडायला नाही. उघडण्याचे ज्ञान आम्हाला मिळाले ते कचेरीत दुरुस्तीला येणाऱ्या मेकॅनिकच्या शेजारी स्टूल टाकून बसल्याने. साहेबांची त्याबद्दल बोलणीही खाल्ली आहेत.

मात्र बी.कॉम.च्या शिक्षणाने आम्हाला एक सवय लावली. तेरीज पत्रक जुळत नसेल तर सगळी खातेवही फाडून पुन्हा लिहायची नसते. आधी बेरजा तपासायच्या. मग फरकाला नऊने भाग जातो का ते बघायचे. गेला तर बहुधा कुठेतरी आकड्यांची अदलाबदल झालेली असते, ५४ च्या जागी ४५ लिहिलेले असतात. सोपे ते आधी, अवघड ते शेवटी. मुलाला आम्ही हेच सांगितले. तो कॉमर्सचाच असल्याने लगेच हसला. दोन दिवसांतले पहिले हसू, असे त्याची आई म्हणाली.

प्रथम मॉनिटर. तो सेकंडहँड, म्हणून पहिला संशय त्याच्यावर. शेजारच्या घरून टीव्हीचा सेट टॉप बॉक्स मागून आणला आणि त्याच एचडीएमआय केबलने मॉनिटरला जोडला. बातम्या दिसू लागल्या. म्हणजे मॉनिटर चांगला, केबलही चांगली. दहा मिनिटांत दोन वस्तू संशयातून सुटल्या, आणि त्याला पाना लागला ना पेचकस. (मॉनिटरला दोन-तीन जोडण्या असतील, तर आपण केबल लावलेलीच जोडणी त्याच्या मेनूत निवडलेली आहे का, हेही पाहावे. नुसत्या त्या कारणाने मशीन दुकानात नेऊन आणलेली माणसे आम्ही पाहिली आहेत.)

मग कॅबिनेट उघडले. त्याआधी भिंतीतली पिन काढली आणि चालू करायचे बटण पाच-सात सेकंद दाबून धरले, म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. हात कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला लावला, म्हणजे अंगावरची स्थिर वीज भागांवर उतरत नाही. येथे एक ताकीद देऊन ठेवतो. पॉवर सप्लायचा डबा कोणीही उघडू नये. पिन काढल्यावरही त्यातले कपॅसिटर वीज धरून ठेवतात आणि तिचा झटका जीवघेणा असू शकतो.

पंखे फिरतात म्हणजे सगळीकडे वीज पोहोचली, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चुकीची आहे. मदरबोर्डाला वीज दोन वाटांनी येते. एक चोवीस तारांची रुंद जोडणी, आणि दुसरी प्रोसेसरच्या जवळ कोपऱ्यात चार किंवा आठ तारांची. ही दुसरी विसरली तर पंखे फिरतील, दिवे लागतील आणि पडदा काळाच राहील. नवशिक्यांची ही फार नेहमीची चूक. आमच्या या पोराने मात्र ती बरोबर लावली होती. आम्ही तसे मोठ्याने म्हणालो, कारण बाप दाराशी उभा राहून ऐकत होता.

आता थोडे आतले. १९८१ साली आयबीएम कंपनीने आपला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला. तेव्हापासून आजपर्यंत ही यंत्रे चालू होताच आधी स्वतःची तपासणी करतात. प्रोसेसर आहे का, रॅम आहे का, चित्र दाखवणारा भाग आहे का, असे एकेक विचारीत पुढे जातात. त्या पहिल्या यंत्रात सगळे ठीक असेल तर एक छोटी 'बीप' होत असे. पुढे निरनिराळ्या दोषांना निरनिराळ्या बीप ठरल्या. त्यांचा अर्थ कंपनीगणिक बदलतो, तो बोर्डाच्या पुस्तिकेत असतो. आजच्या पुष्कळ बोर्डांवर बीपऐवजी चार बारीक दिवे असतात आणि त्यांच्याजवळ सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट अशी अक्षरे छापलेली असतात. तपासणी जिथे अडते, तिथला दिवा पेटून राहतो.

त्या मुलाच्या बोर्डावरही हे दिवे होते. पण पॉवरच्या तारांचा गुंता त्यांच्यावर आडवा आलेला. तारा बाजूला केल्या, पिन लावली, बटण दाबले. डीरॅमचा दिवा पेटला आणि तसाच राहिला. म्हणजे दोन दिवस ते यंत्र आपले दुखणे सांगत होते, फक्त ते कोणाला दिसत नव्हते.

पुन्हा वीज बंद. रॅमच्या दोन पट्ट्या होत्या. एक नीट बसलेली, दुसरी एका टोकाला दोऱ्याएवढी वर. नवे बोर्ड ताठ असतात, दाबायला भीती वाटते आणि पट्टी अर्धवट राहते. दोन्ही काढल्या. त्यांचे सोनेरी दात कोऱ्या खोडरबराने हलके पुसले, कण झटकले. मग एकच पट्टी, प्रोसेसरकडून मोजत दुसऱ्या खाचेत बसवली. चार खाचांच्या बहुतेक बोर्डांना एकटी पट्टी तिथेच हवी असते. मधली खूण जुळवून दोन्ही टोकांना अंगठ्याने दाबली, 'टक्' असा आवाज आला. हे काम आम्ही केले नाही, त्याच्याकडूनच करवून घेतले. हात कापत होते त्याचे.

बटण दाबले. डीरॅमचा दिवा क्षणभर लागला आणि विझला. व्हीजीएचा लागला, विझला. बूटचा लागला आणि राहिला. बूटचा दिवा राहणारच, डिस्क कोरी होती. तपासणी शेवटपर्यंत गेली, म्हणजे बोर्ड जिवंत आहे! पण पडदा? पडदा काळाच.

मुलाचा चेहरा पुन्हा पडला. वाचकहो, खरे सांगायचे तर आम्हीही घटकाभर गोंधळलो. एक चूक सापडली की तीच सगळ्याचे कारण, असे मन धरून बसते. हिशेबात दोन चुका असल्या की माणूस रात्र काढतो, ते याच कारणाने.

मग आम्ही प्रोसेसरचा डबा मागितला. नावाच्या शेवटी 'एफ' हे अक्षर होते. "हे अक्षर कशाला आहे, दुकानदाराने सांगितलं का?" मुलगा म्हणाला, "नाही काका. हाच थोडा स्वस्त पडतो एवढंच म्हणाले."

त्या अक्षराची गोष्ट अशी. इंटेल कंपनीने २०१९ च्या सुरुवातीपासून घरगुती कॉम्प्युटरसाठी 'एफ' अक्षराचे प्रोसेसर काढले. त्यात चित्र तयार करणारा भाग बंद केलेला असतो, म्हणून ते स्वस्त. एएमडीच्या रायझन प्रोसेसरांत २०२२ मध्ये सात हजारांची मालिका येईपर्यंत ज्यांच्या नावापुढे 'जी' असे त्यांच्यातच बहुधा हा भाग असे. त्या मालिकेपासून बहुतेकांत साधा का होईना असतो, पण तिथेही 'एफ' असेल तर नसतो. मदरबोर्डाच्या पाठीमागे एचडीएमआयचे छिद्र मात्र सगळ्यांसाठीच ठेवलेले असते. प्रोसेसरमध्ये चित्राची सोय नसेल तर ते छिद्र नुसते शोभेचे. अशा वेळी वेगळे डिस्प्ले कार्ड लागते आणि केबल त्या कार्डाच्याच छिद्रात लावावी लागते.

पोराने कार्ड बसवले होते. केबल मात्र वरच्या, बोर्डाच्या छिद्रात लावली होती. ती काढली आणि चार बोटे खाली कार्डाला लावली.

पडद्यावर कंपनीचे चिन्ह आले. मागोमाग प्रोसेसरचे नाव, रॅमचा आकडा. मग दुसरी पट्टीही बसवली, आकडा दुप्पट झाला. मुलगा काही बोलला नाही. वडील आत आले, पडद्याकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे काहीच जळालं नव्हतं?"

"काहीच नाही."

त्यांनी खांद्यावरच्या रुमालाने तोंड पुसले आणि चहाला दूध आणायला स्वतः बाहेर गेले.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की आता आपली पुष्कळ मुले सुटे भाग घेऊन मशीन जोडू लागली आहेत. सगळ्यांचे दुखणे हेच असेल असे नाही. डीडीआर ५ जातीची रॅम असेल तर पहिल्यांदा चालू करताना यंत्र तिची जुळवाजुळव करते आणि त्यात काही मिनिटे पडदा काळा राहू शकतो. तेव्हा घाईने बटण दाबू नये, दहा मिनिटे थांबावे. बोर्ड जुना आणि प्रोसेसर नंतर निघालेला असेल, तर बोर्डातला बायोस नवा करावा लागतो. इंटेलच्या सहाशेच्या मालिकेतल्या बोर्डांवर २०२२ चे तेराव्या पिढीचे प्रोसेसर लावताना असेच होत असे. सुटे भाग घेतानाच दुकानदाराला हे विचारून घ्यावे. फार जुने डिस्प्ले कार्ड नव्या बोर्डावर कधी कधी चित्रच देत नाही. बोर्डाखाली कॅबिनेटला लावायचे पितळी खुंट बोर्डाच्या भोकांपुरतेच असावेत. एखादा जास्तीचा राहिला तर तो खालून टेकतो आणि यंत्र अडते. काहीच उमगले नाही, तर पिन काढून बोर्डावरचा रुपयाएवढा सेल पाच-दहा मिनिटे बाहेर ठेवावा. त्याने जुनी मांडणी पुसली जाते.

आणि तरीही पडदा काळा राहिला, तर बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवावा. प्रोसेसर व त्याचा पंखा, एक रॅम आणि लागत असेल तर कार्ड, एवढ्यावरच चालवून बघावे. त्यातही नाही दिसले, तरच बोर्डावर बोट ठेवायला जागा आहे. तेव्हा बिल आणि खोकी हवीत. ती फेकू नयेत. या माउलीने सगळी खोकी पलंगाखाली जपून ठेवली होती, बिल पासबुकात.

त्या घरात आम्हाला एक गोष्ट मात्र खटकली. कॅबिनेटला हात लावला की बोटांना झिणझिण्या येत होत्या. बोर्डात तिसरे भोक आहे, पण त्याच्यामागे अर्थिंगची तारच नाही. आपल्या वस्त्यांत अशी घरे पुष्कळ. याचा पडद्याशी संबंध नव्हता, पण माणसाच्या जिवाशी आहे. परवानाधारक वायरमनला बोलावल्याशिवाय मशीन रोजच्या कामाला लावायचे नाही, असे मुलाकडून कबूल करून घेतले. मंगळवारी वायरमन येऊन अर्थिंग करून गेला.

चहा झाल्यावर मुलाने आमच्यासमोरच दुकानात फोन लावला आणि बोर्ड चांगला असल्याचे सांगितले. पलीकडचा म्हणाला, "हां, मग ठीकाय. प्रिंटर पाहिजे का?"

इतक्यात शेजारच्या घरून तिसऱ्यांदा निरोप आला. मॅच सुरू झाली होती आणि त्यांचा सेट टॉप बॉक्स अजून आमच्याच मांडीपाशी पडलेला होता.