हरणांसाठी पेरलेलं शेत

"आजी, आम्ही हरणांसाठी जेवण पेरलं!" असं ओरडत नातू चिखलाच्या बुटांनी घरात शिरला तेव्हा मला भरून आलं होतं, हे आधीच कबूल करते. ऑगस्ट महिना. मी मुलीकडं मिशिगनला होते. शेजारच्या गृहस्थांनी सात वर्षांच्या पोराच्या हातात बियांची वाटी दिली होती आणि फोकून पेरायला शिकवलं होतं. दशलक्षण पर्व तोंडावर आलेलं. म्हटलं, पोराच्या हातून आपसूक जीवदया घडली.

दुसऱ्या दिवशी ते शेत बघायला गेले. शेतकऱ्याच्या घरातली बाई मी, चार प्रश्न विचारल्याशिवाय थोडीच राहणार! आणि खरं सांगते, त्या माणसाची शेती बघून आमच्याकडच्या भल्याभल्यांनी शिकावं. जेमतेम अर्धा एकराचा तुकडा, पण आधी माती तपासून घेतलेली. माती आंबट निघाली म्हणून चुना टाकून सामू साडेसहाच्या आसपास आणलेला. एका बाजूला क्लोव्हर, आपल्या मेथीसारखी तीन पानांची. एकदा पेरली की तीन-चार वर्षं येत राहते आणि जमिनीला नत्रही देते. दुसऱ्या बाजूला ओट आणि सलगम. सलगमच का? तर थंडीचा कडाका पडला की त्याच्या पानात साखर उतरते. तोवर हरणं त्याच्याकडं फारशी बघत नाहीत, मग मात्र तुटून पडतात. मधेच जाळीचं एक गोल कुंपण, हातभर रुंदीचं. आतलं पीक आणि बाहेरचं पीक यांच्या उंचीतला फरक बघायचा, म्हणजे हरणं किती खातात ते कळतं.

सगळं ऐकून मी विचारलं, तुकडा असा लांबट आणि अरुंद का हो ठेवलाय? मशागतीला अडचणीचा नाही का?

त्यांनी झाडीच्या कडेला बोट दाखवलं. तिथं मचाण होतं. तिथून शेताचं कुठलंही टोक बाणाच्या टप्प्यात यायला हवं. आणि वारा शेताकडून मचाणाकडं वाहायला हवा, नाहीतर माणसाचा वास हरणाला लागतो. बाणाची शिकार १ ऑक्टोबरपासून, बंदुकीची १५ नोव्हेंबरपासून. साखर उतरण्याचा आणि गोळी सुटण्याचा हंगाम एकच. जंगलाला लागून असलेल्या असल्या लहान तुकड्याला तिकडं नावच आहे, 'किल प्लॉट'. मी मराठी घेऊन बी.ए. झालेली, पण एवढं इंग्रजी मलाही कळतं.

आता त्यांची बाजू मांडते, कारण माणूस सज्जन आहे आणि मला खोटं लिहायचं नाही. ते म्हणतात, लांडग्यांसारखी मोठी जनावरं माणसानंच संपवली, हरणं अतोनात वाढली, जंगलातली कोवळी रोपं टिकत नाहीत, रस्त्यावर गाड्यांना धडकून मरतात, कडक हिवाळ्यात उपाशी मरतात. यातलं बरंचसं खरं आहे. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी शेपटाखाली पांढरं असणारं हे हरीण अमेरिकेत पाच लाखांच्या आत उरलं होतं. आज ते तीन कोटींच्या घरात आहे. बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७ च्या कायद्यानं वन्यजीवांसाठीच वापरला जातो, हेही खरं.

पण मग बाबांनो, हरणं जास्त झालीत म्हणता आणि त्यांनाच सकस खाऊ घालता? बियांच्या पिशव्यांवर चित्र कशाचं असतं? फांद्याफांद्यांच्या मोठ्या शिंगांचं. प्रथिनं जास्त मिळाली की शिंगं भरतात, माद्या सुदृढ होतात, पाडसं जगतात. संख्या कमी करायची म्हणून कुणी असली शेती करत नाही. मोठं शिंग मिळावं आणि थंडीत फार वेळ बसावं लागू नये, म्हणून करतात.

कायद्याचंही बघा. हरणांच्या मेंदूला होणारा एक जीवघेणा आजार लाळेतून पसरतो म्हणून मिशिगनच्या दक्षिणेकडच्या मोठ्या भागात २०१९ पासून मक्याचा, गाजरांचा ढीग घालून हरणं बोलवायला बंदी आली. ढीग घातला तर गुन्हा. तेच पेरलं तर शेती.

आपल्याकडं श्रावकाला चार प्रकारची हिंसा सांगितली आहे. शेतकरी नांगर घालतो तेव्हा किडामुंगी मरते, ती उद्योगी. घर झाडताना, चूल पेटवताना घडते ती आरंभी. स्वतःच्या रक्षणासाठी करावी लागते ती विरोधी. या तीन गृहस्थाला पूर्ण टळत नाहीत. चौथी संकल्पी, मारायचं ठरवून केलेली. ती श्रावकालाही वर्ज्य. त्या अर्ध्या एकरात नांगर तोच, चुना तोच, बी तेच, पण पहिल्या मुठीपासून ती संकल्पी आहे. नेमिनाथांनी लग्नाची वरात परत फिरवली ती कोंडलेल्या पशूंना बघून. त्या बिचाऱ्यांना निदान आपण कोंडलो गेलोय हे कळत तरी होतं. इथं कुंपणच नाही. रोज संध्याकाळी इथं पोटभर मिळतं, कुणी त्रास देत नाही, हा दोन महिन्यांचा विश्वास हेच कुंपण.

मी हे बोलले तेव्हा त्या गृहस्थांनी शांतपणे विचारलं, तुम्ही चहात दूध घेता ना? त्या गाईचा गोऱ्हा कुठं गेला? मला उत्तर देता आलं नाही. आजही येत नाही. पण मला उत्तर देता आलं नाही म्हणून त्यांची पेरणी जीवदया ठरत नाही.

आणि माझं खरं भांडण त्यांच्याशी नाहीच. ते आपल्या मतानं वागतात, लपवत नाहीत. भांडण आहे आपल्या माणसांशी. त्या भागात आपली बरीच घरं आहेत. दर रविवारी पाठशाळा चालते, पोरं णमोकार घडाघडा म्हणतात, केकात अंडं नाही ना हे दहादा विचारलं जातं. आणि शेजारच्या शेताचा विषय निघाला की, "जाऊ दे गं आई, त्यांचं कल्चर आहे." कृत, कारित, अनुमोदना हे तीन शब्द पाठशाळेत पाठ करून घेता ना? मग हसून मान डोलावणं यातलं कितवं? शेजाऱ्याशी वैर धरा असं कोण म्हणतंय! पण ज्या पोराच्या हातानं बी पडलं, त्याला ते कशासाठी होतं हे सांगायचं की नाही?

मी परत बेळगावला आले. परवा व्हिडिओ कॉलवर नातू सांगत होता, सलगम गुडघ्याएवढं झालंय, रोज पाच हरणं येतात, एकाचा कान फाटलेला आहे. मुलीनं फोन आत नेला आणि हळूच म्हणाली, १५ तारखेच्या आठवड्यात त्याला घेऊन आम्ही शिकागोला जातोय, म्हणजे आवाज कानावर पडायचे नाहीत.

मी म्हटलं, जा, पण जायच्या आधी त्याला सांग.

"तूच सांग मग," म्हणाली, आणि फोन त्याच्या हातात दिला.